बुधवारचं पाणी

माझ्या गाडीचं पाणी कमी व्हायला लागलं ते बायको गेल्यावर. त्याआधी आठ वर्षांत थेंब कमी झाला नव्हता. ही गोष्ट मी कॉलनीत सगळ्यांना सांगितली होती, आणि ज्याला सांगायची राहिली असेल त्याला गेटवर थांबवून सांगत होतो.

कारण ते इंजिन मी बांधलं होतं. आठ वर्षांमागं ते पुरतं बसलं, तेव्हा गॅरेजला न देता मी ते इथंच, बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये खोललं. मी सातवी शिकलेला माणूस. पण चार वर्षं ट्रकवर काढली आणि तीस वर्षं इथंच नाशकात, अंबडच्या एका कारखान्यात मशिनं दुरुस्त केली. सतरा दिवस मी त्या इंजिनाखाली लोळत होतो आणि बायको शेजारी पाटावर बसून बॅटरी धरत होती. "डावीकडं" असं मी म्हणायच्या आत तिचा उजेड डावीकडं गेलेला असायचा. सतराव्या दिवशी गाडी एका चावीत सुरू झाली. तिनं गाडीला हळदकुंकू लावलं आणि मला म्हणाली, "आता आंघोळ करा, ओळखू येत नाही तुम्ही."

तेव्हापासून दर गुरुवारी आंघोळ झाली की मी बॉनेट उघडायचो. इंजिन गार ठेवायचं जे हिरवं पाणी असतं, कूलंट म्हणतात त्याला, त्याची एक प्लास्टिकची बाटली असते. तिच्यावर दोन रेषा असतात. पाणी खालच्या रेषेच्या खाली गेलं की समजायचं, इंजिन कुठूनतरी गळतंय नाहीतर पितंय. माझं पाणी दर गुरुवारी वरच्या रेषेवर. मी बॉनेट मुद्दाम जोरात आपटायचो, म्हणजे वर गॅलरीत तिला ऐकू जावं.

ती माघ महिन्यात गेली. पोटाचं दुखणं होतं, वर्षभर अंगावर काढलं, शेवटचे दहा दिवस दवाखाना. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. लिहिता येत नाही.

लिहायचंय ते एका माणसाबद्दल. तो कारखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर काम करायचा. माझ्याहून सहा वर्षांनी लहान, आयटीआय शिकलेला, हात चांगला. चांगला हे मी आता लिहितोय, तोंडानं कधी म्हणालो नाही. त्यानं नोकरी सोडून नाशकातच द्वारका चौकाजवळ गॅरेज टाकलं. मी रिटायर होईपर्यंत कारखान्यात राहिलो. आज त्याच्याकडं गाडी वर उचलायची दोन मशिनं आहेत आणि गाडीला वायर लावून आजार सांगणारा कॉम्प्युटर आहे. तो मला दादा म्हणतो, माझ्या बायकोला वहिनी म्हणायचा. ती त्याला भाऊजी म्हणायची.

मला तो सहन होत नव्हता. का, ते सांगतो. एका दसऱ्याला घरात पाहुणे बसले होते, माझे भाऊ, भावजया, सगळे. कोणाच्यातरी गाडीचा विषय निघाला. तर ही सगळ्यांच्या देखत म्हणाली, "गाडीचं काही असलं तर द्वारकेच्या भाऊजींनाच विचारावं. त्यांचा हात हलका आहे." मी तिथंच बसलो होतो. मोठा भाऊ माझ्याकडं बघून हसला. मी उठून गॅलरीत गेलो. रात्री तिला म्हणालो, "माझा हात जड आहे का?" ती म्हणाली, "तुमचा हात मी घरात ठेवून घेतलाय, पाहुण्यांना कशाला देऊ?" बोलण्यात तिला कोणी हरवत नसे. पण ते ‘हलका हात’ माझ्या डोक्यातून गेलं नाही.

दुसरं कारण दवाखान्यातलं. तो तिला भेटायला आला होता. तिनं मला म्हटलं, "अहो, भाऊजींना चहा आणा ना खालून." मी दोन मजले उतरलो, कागदी कप घेऊन वर आलो, तर ती त्याला काहीतरी हळू सांगत होती आणि तो मान खाली घालून हं हं करत होता. मला बघितलं आणि ती थांबली.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"काही नाही. त्यांच्या मुलीचं विचारत होते."

मुलीचं विचारायला कोणी आवाज खाली आणतं का? चहा त्यानं अर्धाच प्यायला. तिच्याकडं बोलायला दम उरला नव्हता, माझ्याशी ती दिवसाला चार शब्द बोलत होती. आणि जे थोडे होते त्यातले तिनं त्याला दिले. सहा दिवसांनी ती गेली. काय सांगितलं ते विचारायचं राहिलं.

मग तेराव्याचा दिवस. वर जेवणाच्या पंगती चालल्या होत्या. मी हात धुवायला गॅलरीत आलो, खाली बघतो तर हा माझ्या गाडीचं बॉनेट उघडून आत वाकलेला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी अनवाणी जिने उतरलो.

"इथंपण पोचलास का? माझ्या गाडीला हात लावायचं काम नाही."

"दादा, नुसतं बघत होतो."

"बघायचं पण नाही. हात हलका असेल तुझा, माझ्या दारात दाखवू नकोस."

त्यानं बॉनेट हळू खाली आणलं, दाबून लावलं. रुमालानं हात पुसले, पायाशी ठेवलेली पिशवी उचलून स्कूटरच्या डिकीत टाकली आणि न जेवता गेला. तेराव्याला आलेला माणूस न जेवता गेला. त्याचं मला तेव्हा बरंच वाटलं.

सुतक फिटलं, पाहुणे गेले, मुलगा पुण्याला परत गेला. पुढं सात-आठ गुरुवार गाडी नुसती चालवली, बॉनेट उघडलं नाही. मग एका गुरुवारी बॉनेट उघडलं, तर बाटली कोरडी. रेषेच्या खाली नाही, कोरडी. मी पाणी भरलं. पुढच्या गुरुवारी बोटभर खाली. त्याच्या पुढच्या गुरुवारी पुन्हा बोटभर.

मुलाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "बाबा, द्वारकेच्या काकांना दाखवा. नाहीतर गाडी काढून टाका." शेजारचे मास्तर म्हणाले, "द्वारकेला न्या." वॉचमन म्हणाला, "द्वारकेला लय भारी गॅरेज हाय, साहेब." सगळ्या नाशकात दुसरा मेकॅनिकच नव्हता जसा.

मी ठरवलं, ही गळती मीच शोधणार. माझं इंजिन, माझी गळती. त्याच्या दारात गाडी उभी केली तर तिचंच म्हणणं खरं होईल, आणि ती आता नाही म्हणून ते कायमचं खरं होईल.

पहिल्यांदा गाडीखाली खोक्याचा मोठा पुठ्ठा पसरला. सकाळी बघतो तर पुठ्ठा कोरडा. तीन दिवस ठेवला, तिन्ही दिवस कोरडा. म्हणजे गाडी उभी असताना गळत नाही. मग रेडिएटरचं झाकण बदललं, त्याचं रबर कडक झालं की पाणी वाफ होऊन जातं. पुढच्या गुरुवारी बोटभर खाली. रबरी पाइप हातानं दाबून बघितले, क्लिपा आवळल्या. बोटभर खाली. गाडीत पायाखालची चटई उचलून हात फिरवला, ओल नाही. ऑइलची कांडी काढून बघितली. पाणी ऑइलमध्ये जात असेल तर ऑइल दुधाच्या चहासारखं होतं. माझं ऑइल काळं आणि स्वच्छ. मागं पांढरा धूर बघितला, नाही. रेडिएटर उघडा ठेवून इंजिन चालवलं, बुडबुडे बघितले, नाही. म्हणजे आत जळत नाही, बाहेर पडत नाही, आणि तरी जातंय. जातंय कुठं?

खाली वाकून बघायला उजेड लागतो. मी बॅटरी दातात धरून बघायचो, आणि दात सगळे माझे नाहीत. एकदा कवळीसकट बॅटरी इंजिनात पडली. ती काढायला पाऊण तास गेला.

त्याच वेळी समोर मास्तर त्यांच्या गाडीचं चाक बदलत होते. मास्तरांना पाना उलटा की सुलटा कळत नाही. पण त्यांची बायको छत्री घेऊन उन्हात उभी. "अहो, हळू. अहो, बोट बघा." मी कवळी पुसत त्यांच्याकडं बघत बसलो. त्या माणसाला चाक बदलता येत नाही आणि त्याच्या डोक्यावर छत्री. मला आख्खं इंजिन बांधता येतं आणि बॅटरी धरायला कोणी नाही. मी त्या दिवशी मास्तरांशी बोललो नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्यांनी काय केलं होतं माझं? काही नाही.

शेवटी मला ट्रकवरची हळद आठवली. घाटात रेडिएटर गळायला लागला की आमचे जुने ड्रायव्हर त्यात हळद टाकायचे. हळद फुगते, बारीक भोकात जाऊन बसते, गळती थांबते. ट्रकच्या रेडिएटरला चालतं ते. मी हळद शोधायला स्वयंपाकघरात गेलो. माझं जेवण डब्याचं येतं, फोडणी घरात होत नव्हती, म्हणून तिच्या फळ्यांना मी हात लावला नव्हता. वरच्या फळीवर हळदीची बरणी होती. दर उन्हाळ्यात ती हळकुंडं वाळवून गिरणीतून दळून आणायची. ही गेल्या उन्हाळ्याची, शेवटची.

बरणी काढली आणि तिच्या मागं एक प्लास्टिकचा डबा दिसला. पाच लिटरचा, तळाशी दोन बोटं हिरवं पाणी. कूलंट. डब्यावर लाल रंगाची फुली. ती फुली कोणाची हे मला डोळे मिटून सांगता येतं, तो त्याच्या गॅरेजच्या प्रत्येक डब्यावर तीच मारतो. आणि फुलीच्या खाली, डब्याच्या अंगावर वरून खाली, टिकल्या चिकटवलेल्या. तिच्या टिकल्या. लहान, मरून रंगाच्या. एकोणीस होत्या, मी मोजल्या.

आता कोणीही म्हणेल, म्हाताऱ्या, तिथंच कळायला हवं होतं. नाही कळलं. मला ती फुली दिसली फक्त. त्याचा डबा माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या बायकोच्या हळदीमागं लपवलेला. आणि त्याच्यावर तिच्या टिकल्या. मग मला बुधवार आठवले.

बुधवारी मी गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या बाजाराला जायचो, पिशव्या घेऊन. पूर्वी ती बरोबर यायची. शेवटची तीन वर्षं म्हणायची, "तुम्ही जा, माझे गुडघे धरलेत." मी परत यायचो तर हातात फडकं, गाडी पुसलेली. मला आनंद व्हायचा. आता मी हळदीची बरणी पोटाशी धरून विचार करायला लागलो, तिचे गुडघे बुधवारीच का दुखायचे?

माणूस सत्तरीला आला म्हणजे संशय, मत्सर हे सगळं जातं असं लोकांना वाटतं. जात नाही. उलट आता विचारायला समोर कोणी नसतं, त्यामुळे ते एकट्यानंच वाढतं.

डब्यात कूलंट होतं. गाडीला तेच पाहिजे होतं. मी म्हणालो, त्याचं पाणी माझ्या गाडीत जाणार नाही. आणि वाटीभर हळद रेडिएटरमध्ये टाकली. चमचाभर पुरली असती ट्रकला. मी रागात वाटी ओतली.

दोन गुरुवार पाणी जागचं हललं नाही. मला वाटलं, जिंकलो. पण डबा काही डोक्यातून जाईना. तिसऱ्या आठवड्यात मी तो डिकीत टाकला आणि देवळाली कॅम्पला मेहुणीकडं गेलो. ती माझ्या बायकोची धाकटी बहीण, तिला सगळं माहीत असायचं. मी चहा घेतला नाही, डबा टीपॉयवर ठेवला.

"बुधवारी घरी कोण यायचं?" मी विचारलं.

ती आधी डब्याकडं बघत राहिली, मग माझ्याकडं.

"दाजी, काय विचारताय ते कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय म्हणून विचारतोय."

"ताईला जाऊन वर्ष झालं नाही. लाज धरा थोडी." तिचे डोळे भरले, पण आवाज चढला. "बुधवारी कोण यायचं! बुधवारी ती मला फोन करायची. धापा टाकत. म्हणायची, ‘झालं बाई एकदाचं, आता ते येतील.’ काय झालं ते मला कधी सांगितलं नाही. आता तुम्ही तो डबा उचला आणि ज्याची फुली आहे त्याला विचारा. माझ्या दारात नका आणू."

मी डबा उचलला. घरात तिचा नवरा पेपर वाचत होता, त्यानं पेपर खाली केला नाही.

परत येताना नाशिक रोडपासूनच इंजिनाच्या गरमीचा काटा वर चढायला लागला. इंजिनाची गरमी आत ओढली जावी म्हणून मी हीटर लावला, खिडक्या उघडल्या, वेग कमी केला. द्वारकेच्या गर्दीत उड्डाणपुलाखाली गाडी थांबली आणि बॉनेटच्या फटीतून वाफ निघाली. आणि त्या वाफेला वास होता. वरण शिजल्याचा. आमच्या घरचा, सकाळी साडेदहाचा वास, द्वारकेच्या चौकात, रिक्षा आणि बस हॉर्न मारतायत त्यामध्ये. मी स्टिअरिंगवर हात ठेवून तसाच बसलो. मागचा रिक्षावाला ओरडला, "बाबा, गाडी बाजूला घ्या, जेवण मग करा!"

 दोघातिघांनी गाडी ढकलली. "कुठं घ्यायची, बाबा?" त्यांनी विचारलं. तिथून त्याचं गॅरेज दोनशे पावलांवर होतं. दुसरं कुठं नेणार?

तो गॅरेजच्या तोंडाशीच उभा होता. त्यानं मला बघितलं, गाडीला बघितलं, तेराव्याच्या दिवसाबद्दल एक अक्षर काढलं नाही. त्याची बायको काउंटरमागून ओरडत होती, "बीपीची गोळी घेतली का? नाही ना? मला वाटलंच!" तो म्हणाला, "घेतो गं." ती म्हणाली, "घेतो नाही, घ्या."  मला कोणी गोळी विचारत नाही. मी विसरतो आणि मग दोनदा घेतो.

"गार होऊ दे," तो म्हणाला. "बसा, दादा."

"मी उभा बरा आहे."

तासाभरानं त्यानं फडकं धरून झाकण उघडलं. आत पिवळा चिखल. कामावरचे दोघं हसले, एक म्हणाला, "दादा, फोडणी राहिली." त्यानं त्यांना डोळ्यानंच गप्प केलं. मग बोटावर चिखल घेऊन नाकाजवळ नेला.

"वहिनींची हळद."

"तुला रे काय माहीत?"

"दर वर्षी एक बरणी आमच्याकडं यायची ना. बाजारच्या हळदीला हा वास नाही."

ते पण. ते पण मला माहीत नव्हतं. मी डिकी उघडली, डबा काढला आणि त्याच्या बाकावर आदळला.

"आता हे सांग. माझ्या घरात तुझा डबा काय करत होता?"

त्यानं टिकल्यांवरून अंगठा फिरवला. वरून खालपर्यंत. मला तो अंगठा धरून पिरगाळावासा वाटला.

"हा सातवा डबा," तो म्हणाला. "दादा, आधी तुम्हाला काही दाखवतो. मग पाहिजे तर मारा मला."

त्यानं पिवळं पाणी काढलं, चार वेळा साध्या पाण्यानं धुतलं. मग रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावला. पंपानं पाण्यावर दाब देतात, म्हणजे इंजिन गरम नसतानाही ते गरम असल्यासारखं गळतं. पंपावरचा काटा वर गेला आणि हळूहळू खाली यायला लागला. गाडी वर उचलली. मला खाली उभं केलं, हातात आरसा दिला, बॅटरी त्यानं धरली. इंजिनाच्या मागच्या अंगाला, सायलेन्सरच्या पाइपाच्या बरोब्बर वर.

इंजिनाच्या अंगात पाण्याच्या वाटेला गोल भोकं असतात. ती पत्र्याच्या बुचानं बंद करतात, आम्ही त्याला डमी म्हणतो. आरशात मला ती डमी दिसली. कडेनं मिठासारखं पांढरं-हिरवं धरलेलं. मी बघत असताना तिथं एक थेंब जमला, फुगला आणि खाली पाइपावर पडला. गाडी चालू असती तर पाइप तापलेला असता आणि थेंबाची तिथंच वाफ झाली असती. म्हणून पुठ्ठा कोरडा. हळदीनं ते भोक दोन आठवडे धरलं, आणि त्या बदल्यात रेडिएटर बुजवला.

ती डमी मी बसवली होती. आठ वर्षांपूर्वी यानंच मला पितळेच्या आणून दिल्या होत्या, म्हणाला होता, "दादा, पत्र्याची टाकू नका, गंजते." मी त्या ड्रॉवरमध्ये फेकल्या आणि पत्र्याची टाकली. तेव्हा बॅटरी तिच्या हातात होती. तिनं दोन्ही बघितल्या होत्या, पितळेची आणि पत्र्याची.

"तीन वर्षांमागं दसऱ्याला मी सोनं द्यायला आलो होतो," तो म्हणाला. "तुम्ही वर पाहुण्यांत होता. वहिनी खाली गाडीची पूजा करत होत्या. म्हणाल्या, ‘भाऊजी, बाटलीतलं पाणी खाली गेलंय, हे उद्या बघतील.’ मी वाकून बघितलं, डमी दिसली. म्हणालो, एका दिवसाचं काम आहे. तर म्हणाल्या, ‘नको. त्यांच्या हातचं इंजिन आहे. तुम्ही बदललं तर त्यांना कळेल.’"

"मग?"

"मग काय. बुधवारी तुम्ही बाजाराला जाता, गुरुवारी बॉनेट उघडता. त्यांनी बुधवार धरला. गार इंजिन, बाटलीत रेषेपर्यंत, एवढंच मी शिकवलं. डबा संपला की फोन करायच्या, मी गेटवर देऊन जायचो. टिकली त्यांनी स्वतःच सुरू केली. किती जातंय ते कळायला. आधी नखभर जायचं, मग बोटभर." त्यानं डबा माझ्याकडं वळवला. वरच्या टिकल्या जवळजवळ होत्या, खालच्या लांब.

त्याच दसऱ्याला वर आल्यावर ती पाहुण्यांसमोर म्हणाली होती, त्यांचा हात हलका आहे. खाली त्याला ‘नको’ म्हणाली होती, आणि वर येऊन हे म्हणाली होती.

"दवाखान्यात काय सांगितलं?" मी विचारलं. 

त्यानं डबा बाकावर सरळ उभा केला.

"म्हणाल्या, ‘आता बुधवार तुमच्याकडं.’"

तेराव्याचा तो दिवस बुधवार होता. त्याच्या पिशवीत काय होतं ते मी विचारलं नाही.

लोकांना वाटेल मी तिथं रडलो असेन, त्याच्या गळ्यात पडलो असेन. नाही. मला पहिल्यांदा काय वाटलं ते खरं लिहितो. मला वाटलं, तीन वर्षं. तीन वर्षं या माणसाला माझ्या बायकोची एक गोष्ट माहीत होती जी मला माहीत नव्हती. मला तिनं गुरुवार दिला, फुशारकी मारायला. बुधवार, जो खरा होता, तो त्याला दिला. तिनं हे माझ्यासाठी केलं, हे मला कळत होतं. पण ते त्याच्या तोंडून कळत होतं.

"पितळेची डमी आहे का तुझ्याकडं?" मी म्हणालो.

"आहे."

"आण. मी बसवणार."

त्यानं पाइप सोडवून दिला, एवढं मी करू दिलं. जुनी डमी मी काढली. अंगठ्यानं दाबली तर अंगठा आरपार गेला. बसायची जागा घासून चकचकीत केली. पितळेची डमी तोंडाला लावली, आणि बॅटरीचा प्रश्न आला. तो पाना धरून होता. त्याची बायको काउंटरमागून उठून आली आणि तिनं बॅटरी घेतली. सरळ माझ्या डोळ्यात.

"वहिनी, डमीवर धरा, माझ्यावर नको."

"भाऊ, मला काय स्वप्न पडतं का डमी कुठं आहे ते? नीट सांगा ना!"

"डावीकडं."

"कोणाच्या डावीकडं?"

तो हसायला लागला. मी पण, नाइलाजानं. चार ठोक्यांत डमी बसली. पंप लावला, काटा जागचा हलला नाही. अर्धा तास आम्ही तिघं काट्याकडं बघत बसलो. नाही हलला.

नवीन कूलंट त्यानं भरलं. शेवटी बाटलीत भरायची वेळ आली तेव्हा मी त्याचा हात बाजूला केला आणि टिकल्यांच्या डब्यातली दोन बोटं ओतली. बरोबर वरच्या रेषेपर्यंत आली. डबा मी घरी आणला, हळदीच्या बरणीशेजारी ठेवला. बरणीत थोडी हळद आहे अजून. ती मी गाडीला देणार नाही.

त्याला सहा महिने झाले. दर गुरुवारी बॉनेट उघडतो. पाणी रेषेवर, आणि आता ते खरंच रेषेवर असतं. मी बॉनेट हळू लावतो.

गळती नाही म्हटल्यावर द्वारकेला जायचं कारण उरलं नाही. पण बुधवारी बाजार करून मी तिथं जातो. कारण त्या माणसाजवळ अजून काहीतरी असणार. सात डबे, तीन वर्षं, गेटवर उभं राहून ती काही ना काही बोलली असेल. ते माझं आहे आणि त्याच्याकडं पडून आहे, हे मला झोपू देत नाही. सरळ विचारायला जीभ वळत नाही, म्हणून म्हणतो, "इंजिनातून आवाज येतोय."

गेल्या बुधवारी त्यानं बॉनेट न उघडताच कान लावल्यासारखं केलं.

"येतोय खरा," तो म्हणाला. "पण गरम आहे, दादा. गार झाल्याशिवाय कळायचं नाही. बसा."

त्याची बायको चहा ठेवून गेली, जाताना त्याला गोळीचं विचारून. मग मलाही म्हणाली, "आणि तुम्ही, भाऊ?"

"घेतली," मी म्हणालो. घेतली होती की नाही ते आठवत नव्हतं.

तो चहात बिस्कीट बुडवत होता. बिस्कीट तुटून आत पडलं. तो म्हणाला, "वहिनी एकदा गेटवर म्हणाल्या होत्या..."

मी कप खाली ठेवला.